धरणाच्या माथ्याची हालचाल: मॉडेल बरोबर सांगतंय, पण का ते सांगता येत नाहीये

कमान_आणि_कोड
नमस्कार मंडळी. काँक्रीटच्या एका कमानी धरणाचा पेंड्युलमचा (धरणात सोडलेली ओळंब्याची तार, तिच्यावरून धरण किती सरकलं ते मोजतात) डेटा आहे माझ्याकडे, बऱ्याच वर्षांचं रोजचं रीडिंग, सोबत पाण्याची लेव्हल आणि हवेचं तापमान. माथा किती मिलिमीटर सरकणार ते प्रेडिक्ट करायचंय. एक्सजीबूस्ट (निर्णय-वृक्षांचं मॉडेल) आणि एलएसटीएम (न्यूरल नेटवर्क) दोन्ही चालवून बघितले, इनपुटमध्ये आदल्या दिवसाचं रीडिंग पण दिलंय, आर-स्क्वेअर (मॉडेल किती जुळतंय त्याचं माप, १ म्हणजे पूर्ण) ०.९९ येतोय. पण गाईड विचारतात की भर थंडीत लेव्हल उतरत असताना सुद्धा धरण डाऊनस्ट्रीमला (पाण्याच्या विरुद्ध, खालच्या बाजूला) का जातंय ते सांग, आणि तिथे माझी गाडी अडते. शॅप (कुठल्या इनपुटचा किती वाटा ते सांगणारी पद्धत) लावून बघितलं तर ते म्हणतं सगळ्यात महत्त्वाचं कारण म्हणजे कालचं रीडिंग. आता याला कारण म्हणायचं का?

प्लंबलाइन
थंडीचं आधी सांगते कारण ते मॉडेलशिवाय पण कळतं. पाणी चढलं की माथा डाऊनस्ट्रीमला जातो हे तुम्हाला माहितीच आहे. पण थंडीत काँक्रीट आकसतं, कमानीची लांबी कमी होते, आणि दोन्ही टोकं डोंगरात अडकलेली असल्यामुळे ती डाऊनस्ट्रीमलाच सरकते. त्यात डाऊनस्ट्रीमची बाजू उघडी असते ती जास्त गार पडते, पाण्याखालची बाजू तेवढी पडत नाही. आकडा किती ते बघा, काँक्रीट दर अंशाला लांबीच्या साधारण एक लाखांश आकसतं, म्हणजे १०० मीटर काँक्रीट १० अंशांनी गार झालं तर जवळपास १० मिमी. म्हणून लेव्हल उतरताना सुद्धा थंडी जिंकू शकते.

अजून एक, तुम्ही त्या दिवशीचं हवेचं तापमान दिलंय ना, धरणाला त्याचं फारसं काही नसतं. दिवसरात्रीचा चढउतार काँक्रीटमध्ये जेमतेम अर्धा मीटर जातो आणि विरतो. वर्षाचा चढउतार मात्र कितीतरी मीटर आत जातो, आणि तीन मीटर आत पोचायला त्याला सुमारे दोन महिने लागतात. म्हणजे धरण आज जे करतंय ते बऱ्यापैकी गेल्या काही आठवड्यांच्या, महिन्यांच्या हवेमुळे. एक महिना, दोन महिने, तीन महिने अशा सरासऱ्या इनपुटला द्या आणि मग बघा फरक.

जुना_रीडर
ताईंनी फिजिक्स सांगितलं, मी मॉडेलचं बोलतो. कालचं रीडिंग काढून टाका, आजच. ते ०.९९ त्याच्यामुळेच आहे, धरण एका दिवसात हलतं किती, मिलिमीटरचा एखादा अंश, मग काल जे होतं तेच आज सांगितलं तरी उत्तर बरोबरच येणार. खरा धोका पुढे आहे. समजा पाया हळूहळू खचतोय, रोज अगदी किंचित, तर तुमचं मॉडेल ती सरक रोज कालच्या रीडिंगमधून गिळत जाणार आणि शिल्लक फरक कायम शून्याजवळ दिसणार. आपण मॉडेल करतो कशासाठी, तर एवढं पाणी आणि एवढी थंडी असताना निरोगी धरण कुठे असायला हवं ते कळावं आणि प्रत्यक्ष रीडिंग तिथून किती लांब आहे ते दिसावं. तो उरलेला फरक हाच आपला माल आहे.

सुरुवात एचएसटीने (पाणी, ऋतू आणि काळ यांचं साधं समीकरण) करा. फ्रान्समध्ये ईडीएफ या वीज कंपनीवाल्यांनी १९६० च्या दशकात बसवलेली पद्धत आहे, आजही वापरतात. लेव्हलची चौथ्या घातापर्यंतची पदं, ऋतूसाठी वर्षाचे आणि सहामाहीचे साइन-कोसाइन, आणि काळाचं एक पद. त्यातून पाण्यामुळे किती, ऋतूमुळे किती आणि कायमची सरक किती असे तीन आलेख वेगळे काढता येतात. गाईडना हेच दाखवा. आणि टेस्टिंगला दिवस रँडम उचलू नका, शेवटची दोन-तीन वर्षं पूर्ण बाजूला ठेवा.

कमान_आणि_कोड
खूप आभार दोघांचे. कालचं रीडिंग काढलं, आर-स्क्वेअर उतरला पण आलेख आता समजतोय. एकच अडचण, हे धरण दरवर्षी जवळपास त्याच महिन्यात भरतं आणि त्याच महिन्यात रिकामं होतं, त्यामुळे पाणी आणि ऋतू वेगळे कसे करायचे? शॅप कधी इकडे जास्त माप टाकतं कधी तिकडे.

प्लंबलाइन
टाकणारच, दोन्ही कारणं हातात हात घालून चालतात तेव्हा नुसत्या डेटातून वाटणी होत नाही, मॉडेल कुठलंही घ्या. ज्या वर्षी भरायला उशीर झाला किंवा दुरुस्तीसाठी लेव्हल खाली ठेवली ती वर्षं शोधा, ती सोन्यासारखी असतात. तशी नसतील तर पाण्याचा भाग फायनाइट एलिमेंटने (धरणाचे छोटे तुकडे करून कॉम्प्युटरवर हिशेब) काढा, लोड माहीत आहे, आकार माहीत आहे, काँक्रीट आणि खडकाचा मॉड्युलस (कडकपणा) जुळवून घ्यायचा, आणि डेटाला फक्त बाकीचं शिकू द्या. यालाच हायब्रिड म्हणतात. आणि एक्सजीबूस्टला त्याने कधी न बघितलेली लेव्हल दिली तर ते आधीच्या कमाल लेव्हलचंच उत्तर देत बसतं, हे विसरू नका.

जुना_रीडर
आणि फरक दिसला की तो लगेच सेन्सरच्या माथी मारू नका. स्वित्झर्लंडचं झ्योझिए धरण बघा, १५६ मीटर उंच, १९५७ ला पूर्ण झालेलं, वीसेक वर्षं एकदम शहाण्यासारखं वागलं. १९७८ च्या शेवटी पेंड्युलम अपेक्षेच्या उलट, अपस्ट्रीमकडे जायला लागले. पाणी, थंडी, काळ, कशानेच उत्तर मिळेना. कारण निघालं साधारण दीड किलोमीटर लांब, रस्त्याच्या बोगद्यासाठी खणलेल्या चाचणी भुयारात खडकातलं पाणी झिरपून चाललं होतं, खडक दबला, पाया दहा सेंटिमीटरहून जास्त खाली गेला आणि दरीच्या दोन्ही बाजू जवळ आल्या. भेगा पडल्या, पण लेव्हल उतरवली म्हणून धरण वाचलं आणि दुरुस्त करून पुन्हा भरलं. कुठल्याच मॉडेलच्या इनपुटमध्ये भुयार नव्हतं, तरी फरक काहीतरी घडतंय हे ओरडून सांगत होता.

त्यामुळे तुमच्या उरलेल्या फरकाचा आलेख काढा आणि त्याच्या शेजारी गळतीचं माप, अपलिफ्ट प्रेशर (पायाखालच्या पाण्याचा वरचा दाब) आणि जॉइंट मीटर (सांधे किती उघडले ते) ठेवा. एकटा पेंड्युलम सरकला तर आधी इन्स्ट्रुमेंट तपासा, दोन-तीन मिळून सरकले तर धरण काहीतरी सांगतंय. माथा वर उचलला जातोय आणि कमान वर्षानुवर्षं अपस्ट्रीमला चाललीय असं दिसलं तर काँक्रीट फुगतंय का, म्हणजे अल्कली-ॲग्रिगेट रिॲक्शन आहे का ते बघावं लागेल, फ्रान्सच्या शाँबों धरणात त्यासाठी अक्षरशः वायरने काँक्रीटमध्ये खाचा पाडून ताण मोकळा केला होता. आलेख इथे टाकलात तर मी बघतो, तारखा आणि लेव्हल दोन्ही एकाच चित्रात ठेवा म्हणजे झालं.