साठीनंतर एकटीने रानवाटा चालाव्यात का?

प्रश्न : माझे वय 66 आहे. झाडांमधून एकटीने चालताना, काही काळ कोणाची आई वा आजी नसल्यासारखे जे मोकळेपण लाभते, ते मला सोडवत नाही. मात्र उतारावर गुडघे दुखतात. आपला अनुभव काय?

उत्तर : उतारावर दोन काठ्या वापराव्यात, म्हणजे गुडघ्यांवरील काही भार हातांवर जातो. रजोनिवृत्तीनंतर हाडांची घनता घटत असल्याने पडणे महागात पडते, म्हणून तोल सांभाळण्याचा सराव आठवड्यातून किमान 3 दिवस करावा.

दुसरे उत्तर : एमा गेटवुड यांनी 1955 मध्ये, वयाच्या 67व्या वर्षी, अमेरिकेतील ॲपलाचियन ट्रेल ही डोंगरांमधून जाणारी लांब पायवाट एकटीने पूर्ण केली. (मुलांना त्यांनी केवळ फिरायला जात असल्याचे सांगितले होते! आपण मात्र वाट आणि परतण्याची वेळ घरी सांगावी.)