गुडघा बदललाय, हाडं ठिसूळ आहेत. व्हायब्रेशन प्लेटवर उभं करू का?

दांडियाबाजारची सून
नमस्कार. सासूबाई ६९ वर्षांच्या. २६ नोव्हेंबरला उजवा गुडघा बदलला. त्याआधी डेक्सा (हाडांची घनता मोजणारी तपासणी) केला होता, खुब्याचा टी-स्कोर उणे २.८. आता सहावा आठवडा चालू आहे. वॉकर सुटला, काठी आली, पण खुर्चीतून उठताना अजून दोन्ही हातांनी रेटा द्यावा लागतो. घर जुनं, दादरा म्हणजे जिना लाकडी आणि उभा. उतरायणला, म्हणजे संक्रांतीला, पतंगांसाठी गच्चीवर जायचंच असं त्यांनी ठरवलंय. चाळीस वर्षं आमच्याकडे फिरकी त्यांच्याच हातात असते.

नणंदेनं व्हायब्रेशन प्लेट पाठवलीय. रोज दहा मिनिटं उभं राहिलं की हाडं भरतात, पायांत ताकद येते, असं खोक्यावर लिहिलंय. तिनं इतक्या मायेनं पाठवलीय की नको म्हणवत नाही. पण आत धातू, भोवती ठिसूळ हाड आणि पायाखाली थरथरणारी फळी, या विचारानं जीव थाऱ्यावर नाही. सर्जन सुट्टीवर आहेत. कोणी वापरलंय का?

कारेलीबागवाला
माझ्या आईला एका सेंटरमध्ये तिसऱ्या महिन्यापासून देत होते. बार धरून, गुडघे जरा वाकवून, अर्धा-अर्धा मिनिट. पाय हलके वाटतात म्हणायची. पण सोबत पायऱ्यांचा आणि उठाबशांचा व्यायामही चालू होता, त्यामुळे गुण कशाचा ते नाही सांगता येणार.

फिजिओताई
ताई, मी बावीस वर्षं गुडघेच बघतेय. प्लेट तूर्त खोक्यातच राहू द्या.

फळी ३० हर्ट्झवर असेल तर सेकंदाला तीस वेळा हलते आणि तोल सावरायला मांडीचे स्नायू आपोआप आवळतात. कल्पना वाईट नाही. गुडघा बदलल्यावर मांडीची ताकद पहिल्या महिन्यात निम्म्याच्याही खाली येते, सासूबाईंना हातांचा रेटा लागतो तो त्यामुळेच. गुडघा बदललेल्यांवर या यंत्राचे छोटे अभ्यास झालेत. त्यांतल्या एकात ताकद वाढली, पण नेहमीच्या व्यायामानं वाढते तेवढीच. शिवाय बऱ्याच यंत्रांच्या पुस्तिकेत नुकतंच ऑपरेशन झालेल्यांनी, सांधा बदललेल्यांनी वापरू नये असं लिहिलेलं असतं. तुमच्या खोक्यातली पुस्तिका उघडून बघाच.

आणि हाडं भरतात म्हणाल, तर टोरांटोत हाडांची झीज सुरू झालेल्या, पाळी गेलेल्या २०२ बायकांवर प्रयोग झाला. रोज २० मिनिटं, वर्षभर. २०११ साली निष्कर्ष छापून आले: घनतेत फरक नाही.

मला प्लेटपेक्षा त्या उणे २.८ चीच काळजी वाटते. उणे २.५ किंवा त्याखाली म्हणजे ऑस्टिओपोरोसिस. त्यावर औषध चालू आहे का? तुम्ही लिहिलं नाहीत. नवीन सांध्याच्या वरचं मांडीचं हाड ऑपरेशननंतर आणखी विरळ होतं, आणि पडल्यावर तिथंच मोडलं तर पुन्हा मोठं ऑपरेशन. आठवड्याची गोळी असते, वर्षातून एकदा घ्यायचं सलाइनही असतं. काय द्यायचं ते रक्तातलं कॅल्शियम, व्हिटॅमिन डी आणि क्रिएटिनिन (मूत्रपिंडाची तपासणी) बघून डॉक्टर ठरवतील. माझ्याकडे येणाऱ्या कितीतरी जणींचा गुडघा नवा कोरा असतो आणि डेक्साचा कागद फायलीत तसाच पडलेला. फार जीव तुटतो माझा.

तोवर उंच खुर्चीतून, मग हळूहळू कमी उंचीच्या, हात न लावता उठायचा सराव. दिवसातून तीनदा, दहा-दहा वेळा. दुखलं, सूज वाढली तर कमी करा.

दांडियाबाजारची सून
ताई, फाइल काढली. डेक्साचा कागद एक्स-रेच्या पाकिटात निघाला. नुसतं कॅल्शियम चालू आहे, दुसरं काही नाही. पुस्तिकेतही सांधा बदललेल्यांनी वापरू नये असंच आहे. सोमवारी फिजिशियनची वेळ घेतलीय. नणंदेला पुस्तिकेच्या पानाचा फोटो पाठवला, तिलाही पटलं. आणि गच्चीचं काय करू? त्या ऐकणार नाहीत.

फिजिओताई
आधी तुमच्या फिजिओसमोर चार पायऱ्या करून दाखवा. त्यांनी हो म्हटलं तरच. चढताना चांगला पाय आधी, उतरताना ऑपरेशनचा आधी. चढताना कोणीतरी मागे, उतरताना पुढे. गच्चीत मांजा पायात येतो, म्हणून खुर्ची भिंतीला लावून, एकाच जागी. दादऱ्याला कठडा दोन्ही बाजूंनी आहे का?

दांडियाबाजारची सून
एकाच. चढताना डाव्या हाताला. उद्याच सुताराला बोलावते.