कोकणातील परसबाग : वाफ्याचा तळ आणि फळमाशीचा सापळा
कोकणातल्या परसबागेत येणाऱ्या दोन अडचणींविषयी, म्हणजे पावसात वाफ्यांची माती वाहून जाणे आणि फळमाशीमुळे काकडी-दोडक्याची फळे किडणे याविषयी, थोडे सांगतो. आपल्याकडे वर्षाला सुमारे ३००० मिलिमीटर पाऊस चारच महिन्यांत कोसळतो आणि जांभ्याची माती पुढे ओल धरून ठेवत नाही, त्यामुळे एकाच वाफ्याला पावसाळ्यात निचरा आणि हिवाळ्यात ओलावा अशी दोन्ही कामे करावी लागतात. यासाठी कडेने तुटके चिरे (जांभ्या दगडाचे ठोकळे) लावून वीतभर उंच वाफा करावा आणि तळाशी नारळाची सोडणे (नारळावरची तंतुमय जाड साले), पोकळ बाजू वर ठेवून, एकमेकांना खेटून रचावीत. जास्तीचे पाणी त्यांच्या फटींतून निघून जाते, काथ्या मात्र ओल धरतो. दिवाळीनंतर लाल माठ किंवा मुळा लावताना बोटाने माती उकरली तरी फरक कळतो. तळाशी प्लॅस्टिकचा कागद घालावा असेही सुचवले जाते, पण ते मला मुळीच योग्य वाटत नाही, कारण पाणी तुंबून मुळे कुजतात.

फळमाशी कोवळ्या फळाच्या सालीखाली अंडी घालते, म्हणून वरून केलेली फवारणी आतल्या अळीपर्यंत पोहोचत नाही. रिकाम्या बाटलीला वरच्या बाजूस लहान भोके पाडावीत, आत क्यु-ल्युअरची (नर फळमाशीला ओढून घेणाऱ्या गंधद्रव्याची) गोळी टांगावी, तळाशी साबणाचे पाणी ठेवावे आणि बाटली मांडवाला फळांच्या उंचीवर बांधावी. आंब्याच्या फळमाशीसाठी मिळणारे मिथिल युजेनॉल हे गंधद्रव्य काकडी-दोडक्याला चालत नाही, हे दुकानात आवर्जून पाहावे. सापळ्यात केवळ नर अडकतात, त्यामुळे किडलेली फळे वेचून खोल पुरणे चालूच ठेवावे लागते.