पक्ष, पुढारी आणि उडालेलं मन : तुमचे अनुभव लिहा

नौपाड्याची_लेक
काल गोखले रोडला भाजी घेत होते, शेजारून प्रचाराची रिक्षा गेली. भोंग्यातला आवाज ऐकून थबकलेच. अहो हाच तो माणूस, २०१७ला समोरच्या पार्टीसाठी "यांना घरी बसवा" म्हणून गल्ली दणाणून सोडायचा! आता ज्यांना घरी बसवायचं होतं त्यांनाच प्रचंड बहुमताने निवडून द्यायला सांगतोय. त्याचं काही नाही, तो पैसे घेऊन बोलतो आणि विचारलं तर सांगतोही. पण मला बाबा आठवले.
बाबा ऑफिसातून आले की मतदारयाद्या हाताने उतरवायचे. आई पोस्टरसाठी खळ शिजवायची, वर म्हणायची पोरांच्या वह्यांना कव्हरं घालायला वेळ नाही यांना. पक्षाकडून कधी एक रुपया घेतला नाही, उलट वर्गणी द्यायचे. मग एका वर्षी जागावाटपात आमची जागा मित्रपक्षाला गेली. ज्यांच्या विरोधात आयुष्यभर बोलले त्यांच्या स्लिपा वाटायला लागल्या. वाटल्या. घरी येऊन एवढंच म्हणाले, "वरून आलंय." त्यांना राग जागा गेल्याचा नव्हता, कोणी घरी येऊन दोन शब्द बोललं नाही याचा होता. त्यानंतर संध्याकाळची बैठक बंद, तलावपाळीला फेऱ्या सुरू.
तुमचं मन कधी उडालं लिहा. आपल्या अनुभवात पक्षाचं नाव घेऊ नका प्लीज, नाहीतर मला झाडू घेऊन बसावं लागेल.

किसननगर३
ताई नाव नाही घेत पण कळेलच.
शाखेत वाढलो मी. रात्री दोनला फोन आला की सिव्हिलला ब्लड पाहिजे की पोरं बाईक काढायची. शाळेचं ॲडमिशन, मयताचं सामान, नळाचं भांडण सगळं शाखेत. ते खोटं नव्हतं हो, आज कोणी हसलं तरी मी सांगणार खोटं नव्हतं.
मग जून २०२२. टीव्हीवर सुरत, गुवाहाटी, झाडी डोंगार हाटील चाललंय आणि इकडे आम्ही एकमेकांची तोंडं बघतोय की आपण नेमके कुणाचे. त्यांनी विमानात बसून ठरवलं, आम्हाला नाक्यावर उभं राहून ठरवायचं होतं, ज्याच्या खांद्यावर पाय ठेवून हंडीला चढायचो त्याच्यासमोर. तो तिकडे गेला मी इकडे राहिलो. माझ्या पोरीच्या बारशाला आला नाही. फेब्रुवारी २०२३ला आयोगाने नाव आणि चिन्ह एका गटाला दिलं तेव्हा एका टोकाला फटाके, दुसऱ्या टोकाला शिव्या आणि मधे आमची चाळ.
एका जुन्या आंदोलनातली केस अजून आहे माझ्यावर. तारखेला जातो. वकील माझ्या पैशाने.

उथळसर_काका
मूळ रोग कायद्यात आहे. १९८५च्या पक्षांतरबंदीत एक तृतीयांश फुटले तर चालत होतं, २००३च्या ९१व्या घटनादुरुस्तीने ते काढलं, आता दोन तृतीयांश आणि तेही विलीनीकरण असेल तरच. म्हणून तर दोघंही "आम्हीच मूळ पक्ष" म्हणतात, फुटलो म्हटलं की संपलं. आणि निर्णय कोणाच्या हातात, तर सभागृहाच्या अध्यक्षांच्या, ते स्वतः कुठल्यातरी पक्षाचेच.

रबाळे_टू_ठाणे
काका हे परीक्षेला आहे का 😄

उथळसर_काका
आहे. दर पाच वर्षांनी. सगळे नापास.

कोर्टनाका_वैतागलेला
@किसननगर३ दादा कोर्टात येता तर भेटा, माझीपण तारीख असते (भाडेकरू). मामलेदारची मिसळ माझ्याकडून, मीडियम. तिखट मागितली तर बिल तुमचं.

मंजू_कोपरखैरणे
आमच्या घरात उलटा प्रकार. वडील माथाडी, मार्केटला. त्यांच्यासाठी पुढारी म्हणजे अण्णासाहेब पाटील, १९६९चा माथाडी कायदा, आपल्याला पगार आणि मान मिळाला तो त्यांच्यामुळे. त्या लोकांचा विश्वास वेगळाच होता, मोर्चा म्हटलं की डबा घेऊन निघायचं.
आणि भाऊ माझा "भावी नगरसेवक"!! दर वाढदिवसाला नाक्यावर बॅनर, वर साहेबांचे गोल गोल फोटो, खाली हा गॉगल लावून. बॅनरचा खर्च, हळदीकुंकवाला वाणाची भांडी, गणपतीत मंडळाला वर्गणी, सगळं घरातून. आईच्या पाटल्या गेल्या त्यात, ते वडिलांना अजून माहीत नाही (ते फोनवर फक्त भजनं बघतात म्हणून लिहितेय).
यावेळी तिकीट नक्की होतं. अर्ज भरायच्या शेवटच्या दिवशी दुपारपर्यंत एबी फॉर्मची (पक्षाचा अधिकृत उमेदवार असल्याचं पत्र) वाट बघत हा रांगेत, हार घातलेला, ढोलवाले बाहेर थांबलेले. फॉर्म आला तो आठवड्यापूर्वी पक्षात आलेल्या माणसाच्या नावाने. भाऊ घरी येऊन झोपला तो दोन दिवस उठला नाही. तिसऱ्या दिवशी त्याच माणसाच्या प्रचाराला गेला, कारण "पुढच्या वेळी बघू" म्हणाले साहेब. मन त्याचं नाही उडालं, माझं उडालं.

रबाळे_टू_ठाणे
ढोलवाल्यांचे पैसे दिले का पण?

मंजू_कोपरखैरणे
दिले ना, मीच दिले 😡

सौ_मानपाडा
मंजू तुझं वाचून कसंतरी झालं ग. आईला जप. पाटल्यांचं वडिलांना सांगून टाक, बाहेरून कळलं तर जास्त लागतं. अनुभव माझा.

उलव्याचा_पाटील
आमचे बाबा ८४च्या जानेवारीत जासईला होते, सिडकोने घेतलेल्या जमिनींसाठीच्या आंदोलनात. गोळीबारात पाच जण गेले. बाबांच्या पाठीवर काठ्या बसल्या, थंडीत अजून दुखते. त्या लढ्यातून पुढे साडेबारा टक्के आले, म्हणजे गेलेल्या जमिनीच्या बदल्यात भूखंड. लढ्याचे पुढारी दि. बा. पाटील, त्यांनी पुढे पक्ष बदलला तरी गावात त्यांना कोणी वेगळं मानलं नाही, कारण माणूस काठी खायला पुढे असायचा.
नंतरचे सगळे आले ते फाईल घेऊन. "तुमचा भूखंड मी काढून देतो." एकाने आमची फाईल किती वर्षं फिरवली, दरवेळी वेगळ्या पक्षाचं उपरणं, फाईल तीच. शेवटी बाबांनी स्वतः ऑफिसच्या पायऱ्या घासून काम केलं तर हा सत्काराला पहिल्या रांगेत! जून २०२१ला विमानतळाच्या नावासाठी सिडकोला घेराव घातला तेव्हा मी होतो. सगळे पक्ष होते. विमानतळाचं उद्घाटनपण झालं २०२५च्या ऑक्टोबरात, आणि आम्ही नावाची तारीखच विचारतोय. बाबा पेपर वाचताना राजकारणाचं पान काढून आधीच बाजूला ठेवतात, आई त्याच्यावर मासे साफ करते.

झेन_झेड_घोडबंदर
मला भ्रमच नव्हता तर उडणार काय. पहिलं मत २०१९, हात थरथरत होते, शाईच्या बोटाचा फोटो टाकला. २३ नोव्हेंबरला उठून बघते तर पहाटे शपथविधी. मग पाच दिवसात दुसरे मुख्यमंत्री, मग २०२२ला तिसरे, आणि २०२३च्या जुलैत अजून एक पार्टी फुटली. एका मतात केवढं सगळं दाखवलं, तिकीट लावलं असतं तरी परवडलं असतं. आज्जी विचारते घड्याळ आता कोणाचं, मी सांगते आज्जी तू वेळ बघ फक्त.

वाशी_सेक्टर९
नवी मुंबईत २०१५नंतर पालिकेची निवडणूकच नव्हती, २०२० पासून प्रशासक. कोणाकडे जायचं तेच कळत नव्हतं. आता एकदम चार-चार नगरसेवकांचं पॅनल. ठाणेकर सांगा, चार नगरसेवक असले की गटाराला कोण येतं?

नौपाड्याची_लेक
चौघंही एकमेकांचा नंबर देतात. उद्घाटनाला मात्र चौघं.

किसननगर३
माजी जास्त कामाचा असतो. त्याला परत यायचं असतं ना.

शिक्षिका_कळवा
सगळे चिडलाय त्यात मला परवा इलेक्शन ड्युटी. पॅनलची डोकेदुखी माहितेय का, अ ब क ड चारही दाबायचे तेव्हा मत पूर्ण होतं. मागच्या वेळी एक आजी एक बटण दाबून निघाल्या, म्हटलं आजी अजून तीन राहिली, तर म्हणे "मला एकच ओळखीचा आहे, बाकीच्यांना मी का देऊ". नोटा सांगितलं तर म्हणाल्या नोटा कोण, कुठे राहतो. मागे रांग ओरडतेय.

झेन_झेड_घोडबंदर
आजी 😂😂 नोटाला तिकीट द्या

सौ_मानपाडा
माझं नाव या वॉर्डात आणि ह्यांचं भलत्याच. एकाच घरात राहतो हो. यादीत कुठे सापडेल कोणी सांगाल का, सकाळपासून शोधतेय, कुकर लावायचा राहिलाय.

वाशी_सेक्टर९
ताई ओळखपत्राचा नंबर टाकून बघा, नावाने शोधू नका, स्पेलिंगची वाट लावलेली असते.

मंजू_कोपरखैरणे
@शिक्षिका_कळवा केंद्र कुठलं मिळालंय? माझी बहीण कळव्यातच असते, डबा पाठवायला सांगते. पहाटे जायचं, खायचे हाल होतात.

शिक्षिका_कळवा
केंद्र असं सगळ्यांसमोर नाही सांगत ग, मेसेज करते. आणि वांगं नको हं, मला खाज येते.