कानबाईच्या जुन्या डीव्हीडी, मोबाईलच्या क्लिपा आणि माझी एडिटिंगची बोंब

अमळनेरचा_भाचा

राम राम मंडळी. काकांनी २००३ साली सुरतहून छोट्या कॅसेटवाला हँडीकॅम आणला होता, त्यात कानबाई (आमच्या खानदेशातला श्रावणातला देवीचा सण), आखाजी (अक्षय तृतीया), घरातली दोन लग्नं आणि म्हशीला पारडू झालं ते पण शूट केलंय (म्हशीचं अर्धा तास आणि लग्नाचं वीस मिनिट, काकांची आवडच वेगळी). नंतर एका स्टुडिओवाल्याकडून त्याच्या डीव्हीडी करून घेतल्या होत्या. आता हे सगळं, आणि यंदाच्या कानबाईला भावंडांनी मोबाईलवर घेतलेल्या क्लिपा, असं एकत्र करून माझ्या ब्लॉगवर टाकायचंय, म्हणजे सुरत-पुण्याकडच्या आत्या-मावश्यांना बघता येईल. आखाजीच्या आत करायचा विचार आहे.

पण झालं असं की डीव्हीडीत सगळे मामा आडवे पसरल्यासारखे गरगरीत दिसताय. कोणी हात हलवला की कडेला कंगव्यासारख्या रेघा येतात. मोबाईलच्या क्लिपा जोडल्या तर आवाज पुढे आणि ओठ मागे. वर मी एक फिल्मी गाणं लावलं तर यूट्यूबनं कॉपीराइटचं कळवलं. आणि १४ मिनिटाची फाइल ६ जीबीची झाली, अपलोड रात्रभर चालू राहिलं आणि सकाळी बघतो तर लाइट गेलेली. लॅपटॉप जुना आहे, ८ जीबी रॅम. एडिटिंग या जन्मात केलेलं नाही. कुठून सुरुवात करू?

तापीकाठ

भो, एकेक घे. आधी सगळ्या डीव्हीडी हार्ड डिस्कवर कॉपी कर आणि त्या फोल्डरला हात लावू नको, जे काय कापाकापी करायची ती दुसऱ्या कॉपीवर. मी पहिल्यांदा मूळ फाइललाच कात्री लावली होती आणि आजोबांची एकुलती एक चालतानाची क्लिप घालवली, घरात अजून तो विषय निघतो.

मामा गरगरीत दिसताय कारण तेव्हाचा कॅमेरा ४:३ मध्ये शूट करायचा आणि स्टुडिओवाल्यानं किंवा तुझ्या सॉफ्टवेअरनं ते ओढून १६:९ केलंय. परत ४:३ कर, दोन्ही बाजूला काळ्या पट्ट्या येतील, येऊ दे. पट्ट्या घालवायला झूम केलं तर उंच माणसांची डोकी उडतील.

कंगवा म्हणतो ना तू, तो इंटरलेसिंगचा. आपल्याकडच्या टीव्हीच्या पाल पद्धतीत सेकंदाला २५ फ्रेम, आणि प्रत्येक फ्रेम दोन अर्ध्या भागात, एकदा एकाआड एक ओळी आणि मग उरलेल्या. जुन्या टीव्हीवर हे कळायचं नाही, मोबाईलवर लगेच कळतं. हँडब्रेक नावाचं फुकटचं सॉफ्टवेअर आहे, त्यात डीव्हीडीचं अख्खं फोल्डर उघड, डीइंटरलेस चालू कर आणि एमपी४ काढ. ७२० बाय ५७६ चं चित्र आहे, त्याला फोर-के केलं म्हणून आजीचा चेहरा जास्त स्पष्ट होत नाही, फाइल तेवढी फुगते.

ओठ मागे राहतात ते मोबाईलमुळे. मोबाईल उजेड बघून फ्रेमचा वेग कमी-जास्त करत राहतो, सॉफ्टवेअर धरून चालतं की वेग एकच आहे, मग क्लिप जेवढी लांब तेवढा आवाज सटकत जातो. त्याच हँडब्रेकमध्ये कॉन्स्टंट फ्रेम रेट निवडून क्लिपा एकदा काढून घे, मगच जोड. जोडायला शॉटकट घे, तेही फुकट आहे आणि त्यात प्रॉक्सी चालू केलं की तो हलक्या कॉपीवर काम करतो, ८ जीबीत निभावतं. मूव्ही मेकर शोधत बसू नको, ते मायक्रोसॉफ्टनं २०१७ मध्येच बंद केलंय, आता त्या नावानं जे मिळतं ते भलतंच असतं.

फाइलचा हिशोब सोपा आहे. ८ एमबीपीएस (हे मेगाबिट, आठ बिटचा एक बाइट) म्हणजे सेकंदाला १ एमबी, मिनिटाला ६०. तुझे १४ मिनिट म्हणजे ८४० एमबी, आणि १०८० म्हणजे फुल एचडीसाठी ते भरपूर झालं. ६ जीबी झाली म्हणजे तू फोर-केमध्ये काढलेलं दिसतंय. एक्सपोर्ट रात्री लाव, उन्हाळ्यात दुपारी आमच्या पत्र्याच्या खोलीत लॅपटॉप नुसता धापा टाकतो.

केळीबाग

मामा खरंच गरगरीत असतील तर कोणतं सॉफ्टवेअर वापरायचं 😄

उधना_ते_नंदुरबार

वरच्या भाऊंनी तांत्रिक सगळं सांगितलं, मी गाण्याबद्दल बोलतो. यूट्यूबवर गाणी ओळखणारी यंत्रणा आहे, तिचा क्लेम आला म्हणजे चॅनल बंद होत नाही, बहुतेक वेळा जाहिरातीचे पैसे गाण्याच्या मालकाला जातात, नाहीतर व्हिडिओ काही देशात दिसत नाही. हळदीत मागे डीजे वाजत असेल तरी ते ओळखलं जातं. पण मुळात गाणं लावतो कशाला? कानबाईच्या मिरवणुकीत वाजंत्री आहे, बायांचा गलका आहे, कोणीतरी ओरडतंय "वं माय, नारय धर ना", ते सगळं दाबून वर फिल्मी गाणं! आत्याला रडू येणार ते त्या गलक्यानं.

माझ्याकडच्या सीडीत असंच झालं होतं, स्टुडिओवाल्यानं सगळ्यावर सनई चढवलेली. तुझ्या डीव्हीडीतली आखाजीची गाणी एकदा नीट ऐक. आणि मूळ कॅसेट आहेत का ते घरी विचार. छोटी मिनीडीव्ही असेल तर तिच्यात तासाला १३ जीबीच्या आसपास डेटा असतो, डीव्हीडी अख्खी ४.७ जीबीची, म्हणजे तुझ्याकडे आहे तो मूळ मालाचा चोथा आहे.

आणि कापताना दया दाखवू नको. म्हशीचं अर्धा तासाचं दीड मिनिट कर. आमच्या घरी ७ मिनिटाच्या वर कोणी बघत नाही, त्यातही पहिल्या दोन मिनिटात स्वतः दिसले नाही तर फोन ठेवून देतात. एक मोठी फिल्म करण्यापेक्षा कानबाई वेगळी, आखाजी वेगळी, लग्न वेगळं असं कर.

माहेरवाशीण_चोपडा

दादा, एक विचारू? कानबाईचे व्हिडिओ सगळ्यांना दिसतील असे टाकणार का? आमच्यात रोट (कानबाईचा प्रसाद) भाऊबंदकीतच संपवतात, बाहेर देत नाही, तुमच्यातही असेलच. माझ्या चुलत दिरानं मागे असाच व्हिडिओ टाकला, त्यात आम्ही चुलीपुढे पदर खोचून घामाघूम, कोणाला विचारलं नव्हतं, आणि गावातल्या दुकानदारानं मला सांगितलं की वहिनी तुम्ही छान पुऱ्या लाटता. सासूबाई दोन दिवस बोलल्या नाही. लहान पोरांना अंघोळ घालतानाचं पण काढून टाका, तेव्हा गोड वाटतं, ते पोरगं आता कॉलेजला असेल.

यूट्यूबला अनलिस्टेड ठेवलं तर शोधून सापडत नाही, पण लिंक ज्याच्याकडे त्याला दिसतं, आणि तोच व्हिडिओ तुम्ही उघड्या ब्लॉगवर लावला तर मग लपवलं काय? ब्लॉगरवर असाल तर सेटिंगमध्ये ठरावीक लोकांनाच वाचता येईल असं करता येतं, त्यांचे ईमेल टाकायचे. आत्याबाईंना ईमेल जमत नसेल तर भाच्याच्या फोनवर बघतील. आणि व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवायचं झालं तर डॉक्युमेंट म्हणून पाठवा, २ जीबीपर्यंत जातं आणि चित्र चुरगळत नाही.

अमळनेरचा_भाचा

सगळ्यांचे आभार, विशेष करून ताईंचे, हे डोक्यातच आलं नव्हतं. आईला विचारलं तर ती म्हणे "तू टाकणार व्हता नि माले सांगं बी नही?" म्हणून कानबाई आता फक्त घरच्यांपुरती, म्हैस सगळ्यांसाठी. मामा ४:३ मध्ये बारीक झाले (थोडेच).

आणि उधनावाले भाऊ, तुमचं खरं निघालं. आखाजीच्या डीव्हीडीत झोका दिसतो, आजीचे ओठ हलताना दिसताय आणि वर सनई. आजीला जाऊन नऊ वर्षं झाली, तिच्या आवाजाचं दुसरं काहीच नाही आमच्याकडे. काकूच्या पत्र्याच्या पेटीत शालूखाली सात कॅसेट सापडल्या, एकीवर काकांच्या अक्षरात "आखाजी" लिहिलंय. पण कॅमेरा चालूच होत नाही. आता काय करू, कॅसेट लगेच कोणाला देऊ का?

उधना_ते_नंदुरबार

देऊ नको कोणाला, आणि घाईत कोणत्याही मशीनमध्ये घालू पण नको. उन्हात तर ठेवूच नको. इतकी वर्षं पडलेली टेप आधी न बघता एकदा शेवटपर्यंत पुढे पळवायची, मग मागे आणायची, मग प्ले करायची, नाहीतर चिकटलेली असली तर ओढली जाते. कॅसेटवर काकांनी एलपी (लाँग प्ले, म्हणजे टेप हळू फिरवून जास्त वेळ रेकॉर्ड केलेलं) लिहिलंय का बघ, तसं असेल तर दुसऱ्या कॅमेऱ्यावर चित्र-आवाज तुटण्याची शक्यता जास्त, मग तुझाच कॅमेरा दुरुस्त होतो का ते आधी बघावं लागेल. एसपी (नेहमीचा वेग) असेल तर माझ्या मेव्हण्याकडे दोंडाईच्याला चालू कॅमेरा आहे, कॅमेरा कॉम्प्युटरला जोडायची फायरवायरची वायर पण आहे आणि तो पोर्ट असलेला जुना कॉम्प्युटर पण. व्यनि (खाजगी निरोप) केलाय. पहिले आखाजीचीच आण.

अमळनेरचा_भाचा

एसपी लिहिलंय. रविवारी निघतो.