परदेशी नेलेला घरचा खाऊ: काय पोचलं, काय अडलं?

घंटाळी, ठाणे

पुढच्या महिन्यात लेकीकडे न्यू जर्सीला निघाले आहे. बाळंतपण आहे, त्यामुळे यादी रोज वाढतेय. डिंकाचे लाडू, अळीव, बाळंतशोपा, मेतकूट, भाजणी, गोडा मसाला. २३-२३ किलोच्या दोन बॅगा, त्यात माझे म्हणाल तर चार पंजाबी ड्रेस आणि एक स्वेटर.

विचारायचं कारण म्हणजे मागच्या वेळी माझा पाच किलो आंबेमोहर डोळ्यांदेखत कचऱ्यात गेला. मावळातून आणलेला, हाताने निवडलेला, कडुलिंबाचा पाला घालून ठेवलेला. तपासणीच्या टेबलावरच्या माणसाने पिशवी उचलून एवढंच विचारलं, ‘राइस? फ्रॉम इंडिया?’ मी म्हटलं, यात एक तरी किडा दाखव. त्याने शांतपणे नाव सांगितलं, खापरा. धान्यातला हा भुंगेरा मूळ आपल्याच भागातला. त्याची अळी पोत्याच्या शिवणीत, बॅगेच्या सांध्यात दडून बसते आणि अन्नावाचून कित्येक वर्षं जगते. त्यामुळे आपल्याकडून प्रवाशाच्या सामानात तांदूळ न्यायचाच नाही, मग तो निवडलेला असो नाहीतर पॉलिश केलेला.

दंड झाला नाही, कारण फॉर्मवर खाद्यपदार्थांच्या प्रश्नापुढे ‘यस’वर खूण केली होती. ‘नो’ म्हणून सापडलं तर पहिल्याच वेळी हजार डॉलरपर्यंत जाऊ शकतात, हे जावयाने गाडीत बसल्यावर सांगितलं. मेतकूट, भाजणी, चकल्या सगळं उघडून, वास घेऊन परत दिलं. भाजणीचा वास त्याने दोनदा घेतला, हे मात्र सांगायलाच हवं.

तर ज्यांनी नेलंय त्यांनी लिहा. ऐकीव नको, स्वतःच्या बॅगेचं सांगा.

नेरुळ

माझं दुबईचं. दिवाळीनंतर परत निघालो होतो. आईने आठ दिवस तांदूळ भिजवण्यापासून सगळं करून अनारसे केले होते. आदल्या रात्री मित्राचा फोन आला, ‘कशात खसखस नाही ना?’ खसखस म्हणजे अफूच्या बोंडातलं बी, म्हणून तिकडे ती अमली पदार्थांत मोडते. बाळगणाऱ्याला तुरुंगही होऊ शकतो.

रात्री साडेअकराला आईला हे सांगायचं! ‘अफू? माझ्या अनारशांत?’ म्हणाली आणि बराच वेळ बोलली नाही. मग स्टीलच्या डब्यातून एक अनारसा काढला आणि सुरीच्या टोकाने त्याची जाळी खरवडायला बसली. खसखस सुटत होती, पण अनारशाचा भुगा होत होता. तीन झाल्यावर सोडून दिलं. नंतर एकेक आठवायला लागलं. करंजीच्या सारणात खसखस. गोड्या मसाल्यात खसखस. मावशीने दिलेल्या मटण मसाल्यातही. बॅग अर्धी रिकामी झाली. मी चिवडा आणि शंकरपाळे घेऊन गेलो.

सिंगापूरलाही खसखशीचं असंच आहे, जाणाऱ्यांनी लक्षात ठेवा. आई आता माझ्यासाठी अनारसे तिळावर थापते. तिच्या मते ते अनारसे नव्हेतच.

ऐरोली

मी पशुवैद्यक, निवृत्त. नोकरीची सगळी वर्षं गावोगाव फिरून गुरांना लाळ्या-खुरकूतची लस टोचली. मुलगा मेलबर्नला. नातवाच्या पहिल्या वाढदिवसाला अर्धा किलो पेढे नेले आणि तिथल्या अधिकारी बाईंनी मला समजावून सांगितलं की, भारतात जनावरांना एक रोग होतो, तो दुधातून पसरू शकतो, म्हणून दुधाची मिठाई चालत नाही. रोगाचं नाव मीच पुरं केलं. दोघंही हसलो. पेढे गेले.

बर्फी, गुलाबजाम, रसगुल्ले, सगळ्यांना तोच न्याय. त्यांच्याकडे एकोणिसाव्या शतकापासून हा रोग नाही, आणि त्यांचा केवढा तरी व्यापार गुरांवर चालतो. मी त्यांच्या जागी असतो तर माझेही पेढे फेकले असते. बायकोला हे अजून पटलेलं नाही. ‘तुम्ही त्यांच्या बाजूने का बोलत होतात?’ हा प्रश्न वर्षातून एकदा निघतोच.

दिवाळे गाव, बेलापूर

आम्ही कोळी. बहीण जर्मनीत. आईने सुके बोंबील आणि सोडे भरून दिले. तीन झिपच्या पिशव्या, त्यावर फॉइल, त्यावर घट्ट झाकणाचा डबा, डब्याला चिकटपट्टी. तरी घरापासून विमानतळापर्यंत टॅक्सीवाला काच खाली करून बसला होता. मला खात्री होती की म्हावरं पकडणार. म्हणून आधीच लाल मार्गिकेत, म्हणजे सामान जाहीर करणाऱ्यांच्या रांगेत, गेलो आणि डबा पुढे केला.

त्या माणसाने चिकटपट्टी काढली, झाकण उचललं आणि खुर्चीसकट मागे सरकला. मग विचारलं, ‘फिश?’ हो म्हटल्यावर झाकण लावून डबा परत! मासळी प्रवाशाला २० किलोपर्यंत नेता येते, म्हणे. मी खुशीत निघालो तर म्हणाला, थांब, त्या बरणीत काय आहे? त्यात मामीच्या घरच्या म्हशीचं तूप. ते दूधदुभत्यात येतं, म्हणून गेलं. मटणाचं लोणचं असतं तर तेही गेलं असतं. फोनवर आईने पहिलं विचारलं, ‘बोंबील टाकले का?’ मी म्हटलं, बोंबील राहिले, तूप टाकलं. तिला वाटलं मी मस्करी करतोय.

पाचपाखाडी, ठाणे

माझी वस्तू परदेशातल्या कस्टम्सपर्यंत पोचलीच नाही. आपल्याच विमानतळावर चेक-इन झाल्यावर बॅग उघडायला बोलावलं. स्फोटकं वगैरे काय सापडलं या भीतीने घाम फुटला. सापडल्या सहा खोबऱ्याच्या वाट्या! सुक्या खोबऱ्यात तेल इतकं असतं की ते आपोआप तापून पेट घेऊ शकतं, म्हणून विमानात ते धोकादायक मालाच्या यादीत आहे. लसणाची चटणी करायला नेत होते. वाट्या सोडायला आलेल्या दिराच्या हाती परत पाठवल्या.

हातातल्या पिशवीत लोणचं ठेवू नका, तेही आपल्याकडेच काढतात.

वाशी

फळबाजारात आमचा हापूसचा गाळा आहे. दर एप्रिलमध्ये कोणी ना कोणी विचारतं, ‘मुलगा अमेरिकेला चाललाय, दोन डझन बांधून द्या.’ मी देत नाही. गिऱ्हाईक रागावतं, पण आंबा तिकडे पोचणार नाही हे मला माहीत असतं.

अमेरिकेने आपला आंबा २००७ साली १८ वर्षांनी पुन्हा घ्यायला सुरुवात केली, ती विकिरणाच्या, म्हणजे फळावर किरणांचा मारा करण्याच्या, अटीवर. इथे वाशीतच पणन मंडळाचं विकिरण केंद्र आहे. पेट्या तिथून जातात. त्याने कोयीतला भुंगा तिथल्या तिथे मरतोच असं नाही, पण त्याची पुढची पिढी होत नाही. एवढं सगळं करून, कागद जोडून पेटी जाते. तुमच्या बॅगेतल्या आंब्याला यातलं काय आहे? युरोपने तर २०१४ च्या मेमध्ये, ऐन मोसमात, फळमाशी सापडली म्हणून सगळाच आंबा बंद केला होता. पुढच्या जानेवारीत उठवलं. त्या मेमध्ये आमच्या गल्लीत हापूस काय भावाने गेला ते विचारू नका.

आमरस आटवून पोळी करा, साटं घाला. माझ्या भाचीने डॅलसला आंबापोळी नेली, कोणी हात लावला नाही.

कोलशेत, ठाणे

कढीपत्ता. वर्तमानपत्रात गुंडाळून साड्यांच्या घडीत. अमेरिकेत सामानाच्या पट्ट्याजवळ एक छोटा बीगल कुत्रा हिरवं जाकीट घालून फिरत होता. मुलांनी ‘किती गोड’ म्हणेपर्यंत तो आमच्या बॅगेजवळ येऊन खाली बसला. भुंकत नाहीत ते, नुसते बसतात. कढीपत्त्यावर राहणारी एक बारीक कीड संत्र्या-लिंबांच्या झाडांत रोग पसरवते, आणि त्यांच्या फ्लोरिडातल्या बागांचं त्याने फार नुकसान झालंय. नऊवारीच्या घड्या मोडून एकेक पान वेचून काढलं. माझ्या सासूबाईंची नऊवारी!

खारघर

न्यूझीलंड. घरचं काही नव्हतंच, विमानात जेवणाबरोबर मिळालेलं सफरचंद पर्समध्ये राहिलं. ४०० डॉलर, जागच्या जागी. वाटेत फळं टाकायच्या पेट्या होत्या, त्यांच्याजवळून मी दोनदा गेले होते. मध तर तिकडे अजिबात नेऊ नका.

घंटाळी, ठाणे

सगळ्यांचे आभार. तांदूळ यादीतून गेला होताच, आता कढीपत्ताही गेला. खोबऱ्याच्या वाट्या होत्या, त्या काढल्या. नेरुळकरांचं वाचून मात्र उठले आणि डबा उघडला. माझं तिकीट दुबईवरून आहे आणि डिंकाच्या लाडवांत खसखस आहे, चांगली मूठभर. बॅग थेट अमेरिकेला जाते हे कळतं, पण विषाची परीक्षा कशाला घ्या. सकाळी पुन्हा डिंक तळायला घेतला आहे.

त्यामुळे दोन किलो खसखशीचे लाडू उरले आहेत. घंटाळीजवळ कोणी असेल तर डबा घेऊन या.