धडधाकट माणसाने मदतीवर जगावं का? इस्लाम काय सांगतो

पायवाट: कष्टाच्या कमाईला इस्लाममध्ये केवढा मान आहे हे आपण विसरत चाललोय. बुखारी या हदीससंग्रहात हदीस (पैगंबरांचं वचन) आहे, दोरी घेऊन पाठीवर लाकडाची मोळी आणून विकणं हे लोकांपुढे हात पसरण्यापेक्षा चांगलं, कारण लोक देतीलही आणि नाहीही. दाऊद पैगंबर स्वतःच्या हाताच्या कमाईचं खायचे, झकरिया सुतारकाम करायचे. पैगंबरांचे सहकारी अब्दुर्रहमान बिन औफ मक्केहून हिजरत (स्थलांतर) करून मदिनेत आले तेव्हा मदिनेतले साद बिन रबी त्यांना अर्धी मालमत्ता देत होते तर ते म्हणाले मला फक्त बाजार दाखवा. मग धडधाकट माणसाने मदतीची वाट का बघायची?

निळी शाई: अजिबात पटलं नाही. अब्दुर्रहमान कसलेले व्यापारी होते, प्रत्येकाला ते कसं जमणार? कुराण (51:19) म्हणतं, मालात मागणाऱ्याचा आणि वंचिताचा हक आहे. हक म्हटलंय, उपकार नाही. जकातचे (बंधनकारक दानाचे) 8 हकदार सांगितलेत त्यात पहिले फकीर आणि मिस्कीनच, म्हणजे गरीब आणि गरजू. तुमचं वाचून गरजू माणूस अजून मान खाली घालेल हो.

पायवाट: हक मान्यच. पण 'सहीह मुस्लिम' या हदीससंग्रहातली, पैगंबरांचे सहकारी कबीसा यांची हदीस बघा, मागायची परवानगी 3 जणांनाच. दुसऱ्याचं देणं अंगावर घेतलेला, आपत्तीत सगळं गेलेला, आणि ज्याच्या उपासमारीची त्याच्याच लोकांतले 3 समजूतदार साक्ष देतात तो. तेही गरज भागेपर्यंतच.

दुपारचं ऊन: अबू दाऊद या हदीससंग्रहातली ती अन्सारी (मदिनेतल्या मुस्लिम) माणसाची गोष्ट आठवा (तिची सनद, म्हणजे सांगणाऱ्यांची साखळी, काहींनी कमजोर ठरवलीय, तरी सांगते). तो मागायला आला, घरात फक्त एक जाडंभरडं कापड आणि एक वाडगा. पैगंबरांनी ते लिलावात 2 दिरहमला विकले, एका दिरहमचं घरी अन्न, दुसऱ्याची कुऱ्हाड, आणि दांडा स्वतःच्या हाताने बसवून दिला! म्हणाले 15 दिवस तोंड दाखवू नकोस, लाकडं विक. तो 10 दिरहम कमावून आला. आपण उपदेश देतो, दांडा कोण बसवतो? आणि मजुराकडून पूर्ण काम करून घेऊन मजुरी न देणाऱ्याविरुद्ध कयामतच्या (अंतिम न्यायाच्या) दिवशी खुद्द अल्लाह उभा राहणार, हेही बुखारीतच आहे, त्यावर का नाही कोणी बोलत?

पायवाट: मजुरीचं शंभर टक्के बरोबर. पण त्याच गोष्टीत पैगंबर म्हणतात की मागण्याचा डाग कयामतला चेहऱ्यावर घेऊन येण्यापेक्षा हे बरं, ते का गाळलंत?

दुपारचं ऊन: गाळलं नाही. पण ते कधी म्हणाले बघा ना, तो 10 दिरहम घेऊन परत आल्यावर. आधी कुऱ्हाड दिली.